दगड मोजायला मालवणला: पाच दिवसांची डायरी

दिवस पहिला

कोकणकन्या कुडाळला उतरवते तेव्हा अंग आंबलेलं असतं आणि पोटात कावळे ओरडत असतात, त्यात या वेळी माझ्याकडे एक मीटर लांबीचे चार पीव्हीसी पाईप होते आणि रात्रभर डब्यातल्या प्रत्येकाने विचारलं की प्लंबिंगचं काम आहे का. शेवटी मी हो म्हणून टाकलं. "प्रवाळांचं सर्वेक्षण करायला चाललेय आणि या पाईपांची चौकट करून समुद्राच्या तळावर ठेवणार आहे" हे मधल्या बर्थवरून समजावून सांगण्यापेक्षा प्लंबर होणं सोपं.

मी काही शास्त्रज्ञ वगैरे नाही, डोंबिवलीला राहते, एक्सेलवर पोट भरते. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला स्कुबा शिकले आणि तेव्हापासून डिसेंबरात सुट्ट्या जपून ठेवते. या वेळी ओळखीच्या एका सागरी जीवशास्त्राच्या मॅडमना मदतीला माणसं हवी होती, परवानग्या त्यांच्या, खर्च आपापला, काम फुकटचं. आम्ही चौघं, म्हणजे मॅडम, त्यांचे दोन विद्यार्थी आणि मी. काम काय तर मालवणच्या सागरी अभयारण्यात पाण्याखाली नक्की काय परिस्थिती आहे ते बघायचं. "बघायचं" म्हणजे मोजायचं, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मालवणला समुद्रात एक अभयारण्य आहे, १९८७ सालापासून आहे. एकूण २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा, ज्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड येतो, बाकीचा त्याभोवतीचा बफर. मी लहानपणापासून मालवणला जातेय, किल्ल्यावर किती वेळा गेले मोजलेलं नाही, दहीबाव दूधबाव साखरबाव तिन्ही विहिरींचं पाणी चाखलंय, पण ज्या पाण्यातून होडी जाते ते पाणी अभयारण्य आहे हे मला तिशी उलटल्यावर समजलं. वाघाचं जंगल असतं तर गेटवर चौकी असती, तिकीट असतं, हॉर्न वाजवू नका असा बोर्ड असता. समुद्राला गेट कुठे लावणार.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात हाणून झोपायचा माझा बेत होता पण मॅडमनी अंगणात वर्ग भरवला. पाईप जोडून एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली, पाईपांना ड्रिलने भोकं पाडली (नाहीतर आत हवा राहते आणि चौकट तरंगते, हे मला सुचलंच नसतं), मग नायलॉनची दोरी उभी आडवी ओढून दर दहा सेंटीमीटरवर जाळी. शंभर घरं झाली, एक घर म्हणजे एक टक्का. याला क्वाड्रॅट म्हणतात. तळावर ठेवायचं आणि आत काय काय आहे ते टक्क्यात लिहायचं, जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, शेवाळ किती, वाळू किती, नुसता खडक किती.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. मग मॅडमनी जुन्या सर्वेक्षणातले तळाचे फोटो मोठे छापून आणले होते ते जमिनीवर पसरले आणि प्रत्येकाला म्हणाल्या की नुसत्या अंदाजाने जिवंत प्रवाळाचा टक्का लिहा, एकमेकांचं बघायचं नाही. पहिल्या फोटोला मी ३५ लिहिले, एका पोराने ३०, दुसऱ्याने २५. मग घरं मोजली तर निघाले २०. दुसऱ्या फोटोलाही तसंच, मी परत जास्त. मॅडम म्हणाल्या सगळ्यांचं असंच होतं, डोळा जे शोधायला गेलेला असतो तेच त्याला मोठं दिसतं, वाळू कोणाला दिसत नाही. विचार करा, मी एकटीने या वर्षी सर्वेक्षण करून ३५ लिहिले असते आणि पुढच्या वर्षी मॅडमनी येऊन २० लिहिले असते तर कागदावर जवळजवळ अर्धं प्रवाळ मेलं असतं, पाण्याखाली काहीही न होता. संध्याकाळी सातपर्यंत तेच केलं, फोटो, अंदाज, मोजणी, परत फोटो. शेवटी माझा अंदाज दोन-तीन टक्क्यांच्या आत यायला लागला तेव्हा कुठे चहा मिळाला.

दिवस दुसरा

पहाटे मतलई वारा असताना निघायचं ठरलेलं. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, पाणी गुळगुळीत असतं, दुपारनंतर उलटा खारा वारा सुटला की होडी हलायला लागते आणि माझं पोटही. दिवसही मॅडमनी अष्टमीच्या आसपासचे धरले होते. भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं कमी उतरतं, त्यामुळे तळचा गाळ कमी उसळतो. अमावस्या पौर्णिमेच्या उधाणाला इथे बुडी मारलीत तर स्वतःचा हात दिसायची मारामार.

आमचे तांडेल काका साठीच्या पुढचे, होडी त्यांची, आउटबोर्ड मुलाचं. पाईपांची चौकट बघून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग किनारा सुटल्यावर विचारलं, "तुमी दगड मोजूक मुंबयसून इल्यात?"

मॅडम म्हणाल्या, "होय काका, पण जिवंत दगड."

"जिवंत कसले, खडप ता." म्हणजे नुसता पाण्यातला खडक. आणि बिडी पेटवली.

आता गंमत अशी की आम्हाला मॅडमच्या जुन्या जागांवर परत जायचं होतं. जीपीएसवर नोंद आहेच, पण जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे करतं आणि खालच्या खडकात चार-पाच मीटर म्हणजे दुसरं गाव. तळावर वीस मीटरची टेप पसरून तिच्या कडेने मोजत जायचं असतं, ती जिथे मागच्या खेपेला पसरली होती तिथेच पसरली नाही तर तुलना कशाची करणार? मॅडम स्क्रीनकडे बघून "थोडं डावीकडे, थोडं मागे" करत होत्या. काकांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग विचारलं मागच्या टायमाला वर आल्यावर काय काय दिसत होतं. मॅडमच्या वहीत स्केच होतं, किल्ल्याचा अमुक बुरुज आणि त्याच्या मागे किनाऱ्यावरचा एक उंच माड एका रेषेत, आणि दुसऱ्या बाजूला पद्मगडाचं टोक. काकांनी मान वळवून एकदा इकडे एकदा तिकडे पाहिलं, इंजिन बंद केलं, होडी आपोआप सरकू दिली आणि एका क्षणी म्हणाले, "हय." खाली उतरलो तर खडकाच्या फटीत मागच्या खेपेला ठोकलेली स्टीलची खूण, वर शेवाळ चढलेलं, तीन हातांवर. त्यांची पिढी जाळी आणि गळ याच हिशोबाने टाकत आली, दोन खुणा इकडच्या, दोन तिकडच्या, जुळल्या की खाली अमुक खडप. मॅडमनी जीपीएस पिशवीत घातलं ते पाच दिवस फारसं बाहेर आलं नाही.

पण त्या दिवशी पाण्याने साथ दिली नाही. पाण्यात शिरायच्या आधी सेकी डिस्क सोडतात, म्हणजे पांढरी ताटली, दोरीला अंतराच्या गाठी, सावलीच्या बाजूने सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठ बघायची. आमची अडीच मीटरला गायब. तळ साडेचार-पाच मीटरवर. परवापर्यंत वारा जोराचा होता म्हणे. मासे मोजायचे तर टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर बघायचं असतं, इथे समोरचा विद्यार्थी मला फक्त पायातल्या पिवळ्या फिनवरून ओळखू येत होता. मॅडमनी मासे रद्द केले. मी म्हटलं दिसतील तेवढे लिहूया की, तर म्हणाल्या नको, खराब दिवशी कमी मासे लिहिले की ते कायमचे कमी मासे होतात, नंतर कागद वाचणाऱ्याला पाणी गढूळ होतं हे कुठे माहीत असणार. तापमान घेतलं, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून क्षारता घेतली, खूण साफ केली आणि परत.

दिवसभराची कमाई तीन आकडे आणि एक गंजलेली खूण. रात्री डायरीत हे लिहिताना जरा खट्टू झाले होते पण सोलकढी चांगली होती.

दिवस तिसरा

आज उघडलं. सेकी साडेचार, म्हणजे जवळजवळ तळापर्यंत, मालवणच्या मानाने हे फारच झालं. लक्षद्वीप अंदमानचे निळे फोटो बघून इथे येणारे निराश होतात, पाणी हिरवट असतं आणि राहणारच, पावसाळ्यात कर्लीसारख्या नद्या आणि खाड्या गोडं पाणी आणि माती आणून ओततात. खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा, की एवढ्या गाळात, चार महिने गोड्या पाण्याचा मारा खाऊन प्रवाळ इथे मुळात जगतंय कसं?

याचं उत्तर बघायला मिळालं. टेपच्या सातव्या मीटरच्या आसपास पोराइट्स नावाच्या प्रवाळाचा एक गोळा आहे, पुरणाच्या परातीएवढा. याची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर, म्हणजे वय तुम्हीच काढा. लांबून बघितलं तर पिवळट तपकिरी धोंडा, मी शंभर वेळा तरी अशांच्या बाजूने पोहून गेले असेन. जवळ जाऊन, म्हणजे अगदी नाकाला मास्क टेकेल इतक्या जवळ, बघितलं तर सगळ्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक जीव. आणि या अख्ख्या गोळ्यावर एके ठिकाणी पातळ राखाडी पापुद्रा सुटलेला, दुधावरच्या सायीसारखा, वर सगळा गाळ चिकटलेला, आणि पाणी हललं की तो पापुद्रा कडेने फडफडत होता. मला वाटलं रोग. वर आल्यावर मॅडम म्हणाल्या रोग नाही, तो स्वतःच शेंबूड सोडतो, गाळ त्यात अडकतो आणि लाटेबरोबर अख्खा पापुद्रा निघून जातो. म्हणजे बाई आंघोळ करत होती आणि मी आजार लिहिणार होते.

त्याच गोळ्याची एक बाजू मात्र फिकट होती. इथे एक रंगाचं कार्ड कामाला येतं, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉचवाल्यांनी केलेलं आहे, रंगाच्या दुकानात शेडकार्ड असतं तसंच पण प्लास्टिकचं, १ ते ६, एक म्हणजे पांढरं आणि सहा म्हणजे गडद. प्रवाळाच्या शेजारी धरायचं, सगळ्यात फिकट जागेचा एक आकडा आणि सगळ्यात गडद जागेचा एक. मी विचारलं होतं फोटो काढून वर येऊन का नाही जुळवायचं, तर कारण असं की पाणी लाल रंग आधी खातं, खोलीवर सगळंच हिरवट निळं दिसतं, कार्ड प्रवाळाच्या शेजारी असलं की दोघांवर सारखाच परिणाम होतो. फिकट बाजू २, गडद बाजू ५.

रंग का जातो ते थोडक्यात सांगते. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, भाडेकरू म्हणा, ते उन्हावर अन्न करतं आणि भाडं म्हणून बहुतेक सगळं मालकाला देतं. पाणी फार तापलं, किंवा पावसाळ्यात एकदम गोडं झालं की हे नातं बिघडतं, शेवाळ बाहेर पडतं, आणि पारदर्शक कातडीतून खालचा चुन्याचा सांगाडा पांढरा दिसायला लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. पांढरं म्हणजे मेलं नाही, उपाशी आहे. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतात. मेलेलं ओळखायचं कसं तर त्या खड्ड्यांमध्ये कोणी नसतं, कडा धारदार दिसतात आणि थोड्याच दिवसांत वर हिरवट लव चढते. हे "फिकट", "पांढरं", "नुकतंच मेलेलं", "जुनं मेलेलं" असे चार वेगळे रकाने आमच्या स्लेटवर होते आणि पहिल्या तासाभरात मी प्रत्येक वेळी मॅडमकडे बघून भुवया उडवत होते. एप्रिल २०२४ मध्ये जगातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं, लक्षद्वीपच्या पांढऱ्या पडलेल्या प्रवाळांचे फोटो तेव्हा पेपरात आले होते. मालवणचे फोटो कोण काढणार, आपण तिकडे वडे आणि सुरमई खायला जातो.

आता कबुलीजबाब. अठराव्या मीटरला टर्बिनारिया नावाचं प्रवाळ आहे, पानकोबीच्या पानांसारखं पसरलेलं, गढूळ पाण्यातही तग धरणारं. मी क्वाड्रॅट ठेवून घरं मोजत होते, लाट आली, तोल सांभाळायला पाय मारला आणि फिनला काहीतरी लागलं. वळून बघते तर पानाची कड मोडलेली, माझ्या कानाएवढा तुकडा खाली पडलेला, मोडलेली जागा स्वच्छ पांढरी. पाण्याखाली रडता येत नाही, मास्कमध्ये पाणी भरतं. कायद्यात हे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे तिथेच. वाघाचा कान तोडल्यासारखं वाटलं मला, आणि तेसुद्धा त्याची तब्येत तपासायला गेलेली असताना.

वर आल्यावर सांगावं की नाही याचा विचार मी होडीची कड धरेपर्यंत केला. मग सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत, जे जास्त वाईट. स्लेट पुढे केली आणि म्हणाल्या, लिही. "मोडतोड: ताजी. आकार: पाच सेंटीमीटर. कारण: सर्वेक्षक." मी म्हटलं हे असं लिहायचं? म्हणाल्या, नाही लिहिलंस तर पुढच्या वेळी कोणीतरी ते नांगराच्या नावावर टाकेल.

काका सगळं ऐकत होते. रात्री होमस्टेच्या काकूंपर्यंत बातमी पोचलेली होती, त्यांनी मला एक मासा जास्त वाढला.

दिवस चौथा

आज किल्ल्याच्या जवळची, जिथे स्नॉर्कलिंगवाले पर्यटकांना नेतात तिकडची जागा. रविवार होता, आमची चूक. नऊपर्यंत सहा होड्या, साडेदहापर्यंत मी मोजायचं सोडलं. मासे खूप, मान्य, सार्जंट मेजर म्हणजे ते काळ्या पट्ट्यांचे पिवळट मासे अक्षरशः अंगावर येत होते. कारण कळायला वेळ लागला नाही, वरून पाव पडत होता. लादीपावचा लगदा पाण्यात पसरला की मासे झुंडीने येतात, पर्यटकाचा व्हिडिओ छान होतो, सगळे खूष. आता यात मोजणार काय? आमच्या माशांच्या तक्त्यात त्या ठिकाणी मासे भरपूर लागले असते, आणि कोणी म्हटलं असतं बघा किती निरोगी जागा आहे. पण सगळे एकाच जातीचे, पावावर जमलेले. शेवाळ कुरतडणारे पोपटमासे, खडकात दबा धरणारे गोबरे, फुलपाखरू मासे, असं वेगवेगळं कोण कोण आहे आणि केवढ्या आकाराचं आहे ते बघायचं असतं, एकूण बेरीज फसवी. मॅडमनी थोडं लांब जाऊन पाव नसलेल्या पट्ट्यात दोनदा मोजलं, तिथे मासे कमी पण जाती जास्त. एक छोटा गोबरा, वीतभर, फटीतून तोंड काढून आमच्याकडे असा बघत होता की कोणाची परवानगी घेऊन आलात.

त्याच वेळी आमच्यापासून दहा-बारा मीटरवर एका होडीने नांगर टाकला. लोखंडी चार नखांचा, सरळ खडकावर, मग होडी वाऱ्याने मागे ओढली गेली तसा नांगर घासत गेला, तो आवाज पाण्याखाली कसा येतो ते सांगता येणार नाही, दातात वाळू आल्यासारखा. कोणाची होडी वगैरे मी लिहिणार नाही, आणि कालच्या पाच सेंटीमीटरनंतर मला बोलायचा किती अधिकार उरलाय हाही प्रश्न आहेच. पण मी एकदा पाय मारला, तो नांगर दिवसातून किती वेळा पडत असेल. काकांनी मात्र वरून मालवणीत जो काही उद्धार केला तो इथे छापण्यासारखा नाही. शेवटचं वाक्य तेवढं देते, "हय नांगर टाकूचो नाय म्हणून कितींदा सांगूचा!"

म्हणजे "खडप ता" म्हणणाऱ्या माणसाला कुठे नांगर टाकायचा नाही हे नक्की माहीत होतं. परतताना मी त्यांना तेच विचारलं. तर म्हणाले आमच्या बापाशीच्या टायमाक या खडपावर हातभर लांबीचे गोबरे गावायचे, खडप राहिलं तर मासा राहतो, एवढं कळायला पुस्तक कशाला. मग अभयारण्याला विरोध का केलात सगळ्यांनी, हेही विचारलं, जरा धीर करून. त्यावर बराच वेळ बोलले. थोडक्यात असं की अभयारण्य झालं तेव्हा लोकांना एवढंच कळलं की आता मासे मारू देणार नाहीत, आणि ज्यांच्यामुळे मासा संपतो ते मोठे ट्रॉलर आणि पर्ससीनवाले, म्हणजे अख्ख्या झुंडीला जाळ्याने वेढा घालणारे, बाहेर मोकळे, एलईडी लावून रात्रीचा दिवस करणारे मोकळे, आणि नियम कोणाला तर किनाऱ्यावरून हाताने जाळं, म्हणजे रापण, ओढणाऱ्याला. हे म्हणणं संपूर्ण बरोबर असेल नसेल, पण खोटं म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडीवर बंदी आहे, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर दिवे दिसतात असं काका सांगतात.

संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती म्हणून गेलो. दोन्ही टोकांना दोरीवर माणसांची रांग, लयीत मागे मागे येणं, आणि तासाभराने जाळं वर. तारली, थोडे बांगडे, पेडवे, दोन लेपे, चिकार केंड. केंड म्हणजे फुगणारा मासा, खाण्याच्या कामाचा नाही आणि दातांनी जाळी कापतो, वर काढला की रागाने चेंडू होतो. एक पोरगा ते उचलून परत पाण्यात फेकत होता आणि प्रत्येकाला एक शिवी देत होता. मॅडम वाळूत फतकल मारून जाती आणि लांब्या लिहीत होत्या. त्यांचं म्हणणं, तळावरची टेप आणि ही रापण एकत्र वाचली पाहिजे. मला तेव्हा ते पटलं आणि आता लिहिताना जास्त पटतंय, कारण बुडी मारून आपण तासभर बघतो, रापणवाले रोज बघतात.

मधल्या काळात एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. २०२२ मध्ये जगभरच्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करायचा. छान आहे. पण नकाशावर रेष मारली की तेवढा टक्का भरला, रेषेच्या आत पोराइट्स पांढरा पडलाय का तपकिरी आहे हे त्या टक्क्यात कुठेच येत नाही. आमचा २९.१२२ चौरस किलोमीटर दशांश चिन्हाच्या पुढे तीन आकड्यांपर्यंत माहीत आहे. आत गोबरे किती होते हे काकांच्या वडिलांना माहीत होतं.

दिवस पाचवा

बुडी नाही. खोल बुड्यांनी अंगात नायट्रोजन साठतो म्हणून विश्रांती वगैरे कारण नाही, एवढ्या उथळ पाण्यात तो प्रश्न फारसा नसतो, पण डेटा एन्ट्री. यात मी हुशार, शेवटी माझा धंदाच तो, म्हणून लॅपटॉप घेऊन पडवीत ऐटीत बसले. स्लेटवरचं शिसपेन्सिलीचं गिचमिड वाचायचं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, मग उलट वाचून तपासायचं. माझंच अक्षर मला लागेना. एका ठिकाणी "शे ४०" लिहिलेलं, शेवाळ की शेल? आणि एका विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्याच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या खोक्यात, तिसऱ्या दिवशी आतून वाफ धरली होती, सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या राहिल्या, त्यामुळे सतरा फोटो धुक्यात. त्यांतले काही अंदाजाने भरता आले असते. मॅडमनी सतराच्या सतरा रकाने रिकामे ठेवायला लावले. पोरगं जेवलं नाही नीट.

मी मॅडमना तो प्रश्न विचारला जो कोणीही विचारेल, मग एकंदरीत कसं आहे, बरं की वाईट? म्हणाल्या, मागच्या खेपेपेक्षा काही ठिकाणी फिकटपणा जास्त दिसतोय, पण मागची खेप फेब्रुवारीत होती आणि ही डिसेंबरात, पावसाळ्याचा मार बसल्याला आत्ता दोन-तीनच महिने झालेत, तेव्हा लगेच बोंब मारायची नाही. सरगॅसम, ती लांब तपकिरी झुडपासारखी शेवाळं, आत्ता भरात असतात, त्यामुळे तळाचा शेवाळाचा टक्काही आत्ता जास्तच येणार. त्याच महिन्यात, त्याच खुणेवर, तीच चौकट, शक्य झालं तर तीच माणसं, असं चार-पाच वर्षं केलं तर मग बोलू. मी म्हटलं तोपर्यंत लोकांनी काय ऐकायचं? म्हणाल्या, तोपर्यंत नांगर वाळूत टाका हे सांगायला कुठला आकडा लागत नाही.

दुपारी चौकट सुटी केली, टेप मागच्या दारी गोड्या पाण्यात बुचकळून काकूंच्या सुकटीच्या दोरीवर लांबच्या लांब वाळत घातली, वीस मीटर पिवळी टेप आणि खाली मांजर वर बघत बसलेली. काका हिशोब घ्यायला आले. पैसे मोजून खिशात टाकले, टेपकडे बघितलं आणि विचारलं, "मग, बरे असत काय दगड?"

मी म्हटलं एवढ्यात सांगता येणार नाही, परत यावं लागेल.

"तर मग मे म्हयन्यात येवा," म्हणाले, "तेव्हा पाणी तापता. आता थंडीत इलास तर सगळा बराच दिसतला." मॅडमनी वहीत बघितलं, तिथे आधीच मे लिहिलेलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या, तू येणार ना, तुझा अंदाज आता कुठे बसलाय.

तर मेमध्ये जायचंय. म्हणजे मार्चमध्ये बुकिंग उघडेल त्या सकाळी आठला दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप घेऊन बसायचं, समोर अख्ख्या मुंबईचे चाकरमानी, आणि त्यात परत ते पाईप.